स्वतःशी बोलणारे मूल



ही व्याख्यानमाला एका प्राथमिक शिक्षिकेच्या स्मरणार्थ चालते. बाईंची सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय म्हणून मी आज विचार आणि भाषा यांच्या नात्याविषयी बोलणार आहे. तत्त्वज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि मेंदूतज्ज्ञ या सर्वांनी या विषयावर विपुल लिहिले आहे. पण त्यातला सर्वांत मोलाचा पुरावा विद्वानांच्या ग्रंथांतून आला नाही. तो बालवाडीच्या आणि पहिलीच्या वयाच्या मुलांनी पुरवला आहे.

पाच वर्षांचे मूल एकटे ठोकळे रचत बसले आहे. ते बोलत असते : ‘हा इथे… नको, पडेल… आधी मोठा… आता दार.’ ऐकायला जवळ कोणी नसते, कोणी उत्तर द्यावे अशी त्याची अपेक्षाही नसते. मग ते कोणाशी बोलते? आणि कशासाठी? हा प्रश्न आपल्याला किरकोळ वाटतो, कारण असे मूल आपण रोज पाहतो. पण विसाव्या शतकातल्या मानसशास्त्रातला एक मोठा वाद या प्रश्नाभोवती झाला. त्या वादातून निघालेला निष्कर्ष मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे. तो असा : आपले मनातले बोलणे आधी माणसामाणसांत होते, मग ते आत वळते आणि विचाराचे साधन बनते. म्हणून मुलाला बोलू देणे म्हणजे त्याला विचार करू देणे होय.

जिनिव्हा आणि मॉस्को

१९२३ साली झाँ पियाजे या तरुण स्विस अभ्यासकाचे मुलांची भाषा आणि विचार यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. जिनिव्हाच्या रूसो संस्थेच्या बालशाळेत सहा वर्षांची दोन मुले जे जे बोलतील ते शब्दशः टिपून घेण्यात आले होते. मोजणी केल्यावर असे दिसले की, त्या मुलांचे जवळजवळ निम्मे बोलणे कोणालाही उद्देशून नव्हते. मुले ऐकलेले शब्द घोळवत, एकटीच बोलत, किंवा शेजारी बसून आपापले बोलत. पण दुसऱ्याला कळते आहे की नाही याची फिकीर करत नसत. पियाजे यांनी याला आत्मकेंद्री भाषण म्हटले. त्यांचे स्पष्टीकरण असे की, लहान मुलाला दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहता येत नाही, म्हणून त्याचे बोलणे असे होते. सातव्या वर्षाच्या सुमारास मूल समाजात मिसळू लागले की हे बोलणे गळून पडते. म्हणजे पियाजे यांच्या त्या वेळच्या मते हे बोलणे अपरिपक्वतेचे लक्षण होते. मुलाला त्याचा विशेष उपयोग नव्हता.

या मताला सर्वांत खोल उत्तर मॉस्कोहून आले. लेव वायगॉट्स्की यांचा जन्म १८९६ मध्ये आजच्या बेलारूसमधल्या ओर्शा गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण गोमेलमध्ये गेले. मॉस्कोत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, साहित्य आणि तत्त्वज्ञानही वाचले आणि मग गोमेलला परतून शिक्षकी पत्करली. जानेवारी १९२४ मध्ये एका मानसशास्त्रीय परिषदेत त्यांनी केलेल्या भाषणामुळे त्यांना मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत बोलावणे आले. त्यानंतर काम करायला त्यांना जेमतेम दहा वर्षे मिळाली. ११ जून १९३४ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. ‘विचार आणि वाणी’ हा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी, त्यांच्या मागे छापला गेला. त्यातला काही भाग त्यांनी अखेरच्या आजारपणात तोंडी सांगून लिहवून घेतला होता. पुढे १९३६ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने बालविकासशास्त्राच्या एका शाखेविरुद्ध ठराव केला आणि वायगॉट्स्कींचे लेखनही अडगळीत गेले. हा ग्रंथ रशियन वाचकांना पुन्हा मिळायला १९५६ साल उजाडले. इंग्रजीत तो १९६२ मध्ये आला.

वायगॉट्स्कींनी पियाजे यांचे निरीक्षण मान्य केले. त्यांनी आव्हान दिले ते त्याच्या अर्थाला, आणि तेही प्रयोग करून. मूल चित्र काढायला बसते तेव्हा त्याच्यापुढे मुद्दाम अडचण उभी करायची : हवा तो रंग ठेवायचा नाही, कागद कमी द्यायचा. असे केले की मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुप्पट होई. साडेपाच वर्षांचे एक मूल ट्रामचे चित्र काढत होते. चाक काढताना पेन्सिलीचे टोक मोडले. मूल स्वतःशीच ‘मोडले’ असे पुटपुटले, पेन्सिल बाजूला ठेवली, जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम रंगवू लागले. चित्राचा विषय कसा बदलला याविषयी अधूनमधून बोलतही राहिले. त्या एका शब्दाने चित्राची दिशाच बदलली. हे बोलणे निरुपयोगी कसे म्हणावे? मूल अडते तेव्हा अधिक बोलते, कारण बोलून ते वाट शोधत असते.

दुसरे निरीक्षण काळाच्या क्रमाचे होते. अगदी लहान मूल आधी चित्र काढते आणि मग ‘हा हत्ती’ म्हणून सांगते. थोडे मोठे झाले की चित्र अर्धे होताच नाव घेते. आणखी मोठे झाले की आधीच जाहीर करते, ‘मी हत्ती काढणार.’ कृतीच्या मागून येणारा शब्द हळूहळू कृतीच्या पुढे जातो. मागे असताना तो नाव ठेवतो. पुढे गेला की तो योजना आखतो.

तिसरे निरीक्षण मला सर्वांत निर्णायक वाटते. पियाजे म्हणतात तसे हे बोलणे अपरिपक्वतेतून आलेले असते, तर वय वाढेल तसे ते इतरांना अधिकाधिक समजण्याजोगे व्हायला हवे होते आणि तसे होत होतच संपायला हवे होते. प्रत्यक्षात उलटे घडते. तीन वर्षांच्या मुलाचे स्वतःशी बोलणे आपल्याला बरेचसे कळते. सात वर्षांच्या मुलाचे मात्र तुटक, अर्धवट, पुटपुटल्यासारखे होते. वायगॉट्स्कींचे म्हणणे असे की, हे बोलणे मरत नसते. ते आत जात असते. ऐकू येईनासे होते ते या प्रवासाचे शेवटचे पाऊल आहे.

अशा मुलाला त्यांनी मूकबधिर किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये बसवूनही पाहिले. कोणाला कळणार नाही हे जाणवताच त्याचे स्वतःशी बोलणे फार कमी झाले. म्हणजे स्वतःशी बोलतानाही मुलाला कोणीतरी ऐकणारे, समजणारे लागत होते. या बोलण्याची मुळे संवादात आहेत, याचा हा पुरावा होता. मोठे माणूस मुलाला सांगते, ‘थांब, आधी हे उचल.’ काही दिवसांनी मूल स्वतःला तेच सांगते. पुढे सांगण्याचा आवाज राहत नाही, सांगणे राहते.

‘विचार आणि वाणी’ इंग्रजीत आले तेव्हा पियाजे यांनी त्यावर टिपण लिहिले आणि मुलाच्या स्वतःशी बोलण्यातून अंतर्वाणी, म्हणजे मनातले बोलणे, तयार होते हा मुद्दा मान्य केला. तोवर वायगॉट्स्कींना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

मनातले बोलणे कसे असते?

मनातले बोलणे म्हणजे आवाज बंद केलेले नेहमीचे बोलणे नव्हे. त्याची घडण निराळी असते. वायगॉट्स्की ट्रामची वाट पाहणाऱ्यांचे उदाहरण देतात. तेच आपल्या एसटीच्या थांब्यावर घडते. ‘आपण जिची वाट पाहत आहोत ती गाडी आली’ असे तिथे कोणी म्हणत नाही, ‘आली!’ एवढे पुरते. कशाविषयी बोलणे चालले आहे हे सर्वांना आधीच ठाऊक असते, म्हणून कर्ता गळतो आणि नवी माहिती तेवढी उरते. टॉल्स्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’त लेव्हिन आणि किटी खडूने शब्दांची फक्त आद्याक्षरे लिहून एकमेकांशी बोलतात, तो प्रसंगही वायगॉट्स्की याच संदर्भात घेतात. दोन मने इतकी जवळ आली की शब्द कमी लागतात. मग माणूस स्वतःशीच बोलतो तेव्हा किती कमी लागत असतील!

म्हणूनच मनात सगळे स्पष्ट वाटते आणि लिहायला बसले की काहीच सुचत नाही. मनातल्या एका शब्दात जे मावले होते ते अनोळखी वाचकासाठी दहा वाक्यांत उलगडायचे असते. विद्यार्थी ‘येतंय, पण सांगता येत नाही’ असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो खरेच बोलत असतो. त्याला या उलगडण्याचा सराव हवा असतो, आणि तो सराव दुसऱ्याला सांगूनच होतो.

भाषेविना विचार

मग भाषा म्हणजेच विचार का? तसे मी म्हणत नाही आणि वायगॉट्स्कीही म्हणत नव्हते. वोल्फगांग क्योलर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात टेनेरिफ बेटावर चिंपांझींचा अभ्यास केला. त्यांतल्या सुल्तान नावाच्या चिंपांझीने दोन काठ्या एकमेकींत खोवून लांबचे फळ ओढून घेतले. त्याच्यापाशी भाषा नव्हती. अडचण ओळखून उपाय काढण्याची बुद्धी होती. २००५ मध्ये रोझमेरी व्हार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या मेंदूच्या डाव्या भागाला मोठी इजा होऊन व्याकरणाचे आकलन ढासळले होते. वाक्यात कोणी कोणाला मारले, हे त्यांना शब्दांच्या क्रमावरून सांगता येत नव्हते. पण मोठ्या संख्येतून लहान वजा करणे आणि लहान संख्येतून मोठी वजा करणे यांतला फरक ते जाणत होते. कंसांची गणितेही सोडवत होते.

विचाराचे मूळ आणि वाणीचे मूळ वेगवेगळे आहे, आणि मुलाच्या साधारण दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ही दोन्ही मुळे एकमेकांत गुंततात, असे वायगॉट्स्की सांगतात. त्या गुंतण्यानंतर विचाराला काय मिळते, हा खरा प्रश्न आहे.

एक गोष्ट आपण इथेच करून पाहू शकता. एखादा नवा दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवायचा प्रयत्न करा आणि त्याच वेळी तोंडाने एकच शब्द सतत म्हणत राहा. क्रमांक निसटतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कार्यस्मृतीच्या कल्पनेत याचा उलगडा आहे : ऐकलेले क्षणभर धरून ठेवायला आपण ते मनात पुन्हापुन्हा म्हणत असतो, आणि तोंड दुसऱ्या शब्दात गुंतवले की ती सोय बंद पडते. एका कामातून दुसऱ्या कामात जाणे, पुढची पायरी ध्यानात ठेवणे, मोह आवरणे, या सगळ्यांत हे मनातले म्हणणे मदतीला येते. अमेरिकेत लॉरा बर्क यांनी प्राथमिक वर्गांत गणिते सोडवणारी मुले न्याहाळली. त्यांनाही हाच क्रम दिसला : आधी मोठ्याने बोलणे, मग पुटपुटणे, मग नुसते ओठ हलणे, मग शांतता.

भाषा आणखीही एक गोष्ट देते : दुसऱ्याच्या मनात काय आहे याची जाण. निकाराग्वात १९७० च्या दशकाअखेर मानाग्वा शहरात बहिऱ्या मुलांसाठी शाळा सुरू झाली, तेव्हा तिथे तयार खूणभाषा नव्हती. मुलांनी आपसांत खुणा करत करत ती निर्माण केली आणि पुढच्या मुलांनी ती समृद्ध केली. जेनी पायर्स आणि ॲन सेंगास यांनी २००९ मध्ये दाखवले की, पहिल्या पिढीतल्या प्रौढांना ‘त्याला वाटते’, ‘तिला ठाऊक नाही’ अशा अर्थाच्या खुणा फारशा नव्हत्या आणि एखाद्याची चुकीची समजूत ओळखण्याच्या चाचणीत ते मागे पडत होते. दोन वर्षांनी, नव्या पिढीशी बोलून या खुणा त्यांच्या वापरात आल्यावर, त्याच माणसांची त्या चाचणीतली समज सुधारली होती. प्रौढ वयातसुद्धा संवादाने मनाला नवी दृष्टी दिली, हे मला फार आशादायक वाटते.

उझबेकिस्तानचे शेतकरी आणि आपली बहिणाबाई

इथे एका धोक्याविषयी बोलले पाहिजे. भाषा विचाराला घडवते असे म्हटले की, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचा विचारही कमी प्रतीचा, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. वायगॉट्स्कींचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानात मोहिमा काढल्या. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी असे कोडे घातले : दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात, नोव्हाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे, तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शेतकऱ्यांचे उत्तर साधारण असे असे की, आम्ही तिथे गेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीविषयी आम्ही बोलत नाही. लुरियांनी यात अमूर्त तर्काचा अभाव पाहिला. हे लेखन पुस्तकरूपाने रशियात १९७४ साली, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांनी, आले.

पण त्या उत्तरात तर्क नाही का? ‘न पाहिलेल्याविषयी बोलू नये, हे मी पाहिलेले नाही, म्हणून मी बोलत नाही.’ हा पक्का तर्क आहे, आणि सचोटीचाही. अनोळखी माणसाने दिलेले विधान तात्पुरते खरे धरून पुढे जायचे, ही बोलण्याची एक विशिष्ट रीत आहे आणि ती शाळेत शिकवली जाते. सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल यांनी लायबेरियातल्या वाई लोकांत हे तपासले. वाई लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती लोक शाळेबाहेर, घरी शिकतात. त्यामुळे अक्षरज्ञानाचा परिणाम आणि शाळेचा परिणाम वेगळा काढता आला. १९८१ मधल्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष असा की, नुसत्या अक्षरज्ञानाने बुद्धीची सर्वसाधारण झेप वाढत नाही. अशा कोड्यांत आणि कारण सांगण्यात फरक पडतो तो शाळेतल्या बोलण्याच्या सवयीने.

मराठी माणसाला तर यासाठी लायबेरियापर्यंत जायचेही कारण नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली कविता घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून टिकली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, पुस्तकरूपाने आली. मनाचे स्वरूप, जन्म-मृत्यू, माणसाचा स्वार्थ यांवर इतके खोल चिंतन त्यांनी लेवा बोलीत केले. त्यामागे ओव्यांची, गाण्यांची, कथा-कीर्तनांची आणि बायकाबायकांच्या बोलण्याची मोठी परंपरा होती. ज्या समाजात बोलणे समृद्ध आहे त्या समाजात विचारही समृद्ध असतो. मग हातात पाटी-पेन्सिल असो वा नसो.

आपल्या वर्गांपुढचे काम

आता आपल्याकडे वळतो. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा ऐकत आपण बहुतेक सगळे लहानाचे मोठे झालो. साठ-सत्तर मुलांचा वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाची अडचण मी जाणतो. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण गणित सोडवताना पुटपुटणारे मूल वर्गात गोंधळ घालत नसते, ते विचार करत असते. आतापर्यंत जे सांगितले त्याचा हा थेट अर्थ आहे. सहाव्या-सातव्या वर्षी, वाणी आत वळण्याच्या ऐन काळात, आपण तोंडावर बोट ठेवायला लावतो. मोठ्याने विचार करण्याचा टप्पा मुलाला मनातल्या मनात बोलून विचार करण्याकडे नेतो. तो टप्पा मुलाकडून हिरावला तर पाठांतर उरते.

दुसरी गोष्ट, हे बोलणे कोणत्या भाषेत व्हायचे? मुलाला जी भाषा घरात मिळाली तिच्यातच त्याची अंतर्वाणी रुजलेली असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, गुरांमागे असेल तर कुरणात जावे, अशी त्यांची भूमिका होती. त्या भूमिकेचा पुढचा स्वाभाविक टप्पा म्हणजे शाळेने मुलाच्या बोलीतही जावे. आज गोंडी, कोरकू, भिली, वारली किंवा अहिराणी बोलणारे मूल पहिलीत येते आणि त्याचे पहिलेच वाक्य ‘अशुद्ध’ ठरते. आपण त्याचा उच्चार सुधारतो आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे विचार करण्याचे साधन आपण काढून घेत असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरची किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. त्याची अंमलबजावणी परिपत्रकाने होणार नाही. ती वर्गातल्या शिक्षकाच्या कानाने होईल.

तिसरी गोष्ट शहरातल्या सुशिक्षित घरांसाठी. मुलाचे इंग्रजी चांगले व्हावे म्हणून आई-वडील स्वतःला पुरते न येणाऱ्या इंग्रजीत त्याच्याशी बोलू लागले आहेत. ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ अशा आज्ञा त्या भाषेत देता येतात. पण रागावण्याचे कारण सांगणे, गोष्ट रंगवणे, ‘तुला काय वाटते’ म्हणून विचारणे आणि मुलाच्या उलट प्रश्नाला उत्तर देणे यांसाठी आपल्या हाडीमासी भिनलेली भाषा लागते. मूल इंग्रजी जरूर शिकेल, शिकलेच पाहिजे. पण त्याच्या मनात जो आवाज घर करणार आहे तो तुमच्या बोलण्यातून घडणार आहे. तो आवाज दुबळा ठेवू नका.

मित्रहो, यातल्या कशालाही अनुदान लागत नाही, नवी इमारत लागत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे : दिवसातला थोडा वेळ तरी मुलांना एकमेकांना समजावून सांगू द्या, आणि उत्तर चुकले तर बरोबर उत्तर देण्याआधी ‘तू कसे केलेस?’ एवढे विचारा. आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना विनंती आहे : मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोला, आणि त्याहून अधिक त्याचे ऐका. आणि उद्या एखादे मूल कोपऱ्यात बसून स्वतःशी बोलताना दिसले, तर त्याला गप्प करू नका. ते त्याच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे काम करत आहे.